लाल खूण

पेठ रोड. शटर अर्धंच वर.
निफाडचा पारा पाचावर, चहावाला सांगून गेला,
जणू त्यानंच उतरवला.

तिडकेकाकांची जुनी वॅगन आर आली.
मागच्या सीटवर काकू, मांडीवर डायलिसिसची फाइल,
हातांत काकांचे पायमोजे.
"हीटर लावला की गारच वारा," काका म्हणाले,
"गॅस भरायचा का?"

युनूस मिस्त्री हसला नाही.
"गॅस एसीला, काका. हीटरला स्वतःचं काही नसतं.
इंजिन तापतं, त्याचं पाणी तापतं,
त्यातलं थोडं आपल्या पायांकडे वळवायचं."

मी पाना उचलला.
"ठेव तो," म्हणाला. "आधी हात."

बाटलीतलं हिरवं पाणी दोन रेघांच्या मध्ये.
रेडिएटरच्या झाकणाजवळ मात्र जाऊ देईना
(त्याच्या मनगटावरचा गुळगुळीत डाग
अशाच एका झाकणानं दिलेला).
काटा निघाला, चढला, मधोमध थांबला.
थर्मोस्टॅट जागेवर आहे तर.

मग भिंतीतून आत जाणाऱ्या त्या दोन नळ्या.
"एक जाते, एक परत येते.
जाणारी गरम, येणारी थंड, तर आतली जाळी बुजली.
दोन्ही थंड, तर पाणी पोचतच नाही, नाहीतर हवा अडकलीय.
धर. सांग."

धरल्या. चटकन सोडल्या.
"दोन्ही गरम."
"मग?"
मग मला काही सुचेना.
गरम आत जातंय, गरमच बाहेर येतंय,
आणि मधे बसलेली बाई कुडकुडतेय.

"दार," युनूस म्हणाला. "आत एक दार असतं."

डॅशखाली पाठीवर आडवा झालो.
वर त्यानं बटण फिरवलं, निळ्याकडून लालकडे.
फार सहज फिरलं,
पलीकडे कुणीच धरलेलं नसल्यासारखं.
टॉर्च मारला: केबल सुटून लोंबतेय,
क्लिपचा तुकडा धुळीत,
शेजारी कालिकेच्या जत्रेतली शिट्टी, कुणा पोराची.
आणि ते दार, थंडीच्या बाजूला, घट्ट मिटलेलं.

क्लिप नव्हती. द्राक्षबागेत बांधतात ती तार होती,
दोन वेढे पुरले.

बटण पुन्हा लालवर. आधी धुळीचा वास,
जुन्या ट्रंकेसारखा. मग वारा बदलला.

काकूंनी एक मोजा काढला.
जाळीपुढे हात धरला, पालथा, मग उताणा,
सुयांच्या जागा ऊन दाखवल्यासारख्या.
"नऊ वर्षं," म्हणाल्या,
"मला वाटायचं, ही लाल खूण नुसती शोभेची."

"सांगायचं तरी," काका.

"तुम्ही काच पुसत असायचात."

काका काही बोलले नाहीत.
युनूसनं चाळीस रुपये घेतले, तेही तारेचे नाहीत,
पाठीवर झोपल्याचे, माझ्या.

गाडी दवाखान्याकडे वळली, काचा चढवलेल्या.
चहा आला. कप धरला तर
तळहातांना तो गरमच लागेना.