सतरा नंबर

बावड्याकडून मळीचा वास येतो
गाळप सुरू झालं की, खिडकी लावली तरी.
मी दोन्ही बाटल्या काट्यावर ठेवते:
एकीत पाणी, एकीत शेकडा दहा स्पिरिट, त्याच मळीचं.
रोज डावी-उजवी बदलायची,
नाहीतर उंदीर नुसती बाजू पाठ करतो.

सतरा नंबर बाजू पाठ करत नाही.
हुंगतो, आणि बरोबर जातो.
शेपटीवर पिवळा पट्टा. काल रात्रीत एकवीस ग्रॅम.

भुसा बदलताना चौगलेमामा म्हणाले,
"आमचा थोरला असाच.
वैनीनं बाटली पिठाच्या डब्यात घातली, जळणात घातली,
ह्यो आंधळ्यागत जाऊन हात घालायचा."

सोमवारपासून औषध.
चिमटीत कातडी, सुई. ओरडला नाही.
गुरुवारी चौदा ग्रॅम. रविवारी सहा.
आलेख उतरला तसे सर खूष.
मामांनी चष्मा पुसून कागद लांब धरला:
"सुटली म्हणायची की."

पण गूळपाणी ठेवलं
तेही त्यानं तसंच ठेवलं.
भुशात नाक खुपसून बसला दिवसभर.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते सरांना विचारायचं राहिलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी मेंदू लागतो,
ताजा, बर्फावर.
मी हात धुतले, दोनदा.
बाहेर मामांनी रिकामा पिंजरा
उन्हात पालथा घातला, पाण्याचा पाइप बंद केला.
"थोरल्याच्या वक्ताला
गल्लीतल्या बायका हेच म्हणत हुत्या," म्हणाले.
"सुटला."