असुधारित प्रत

सांगलीच्या मार्केट यार्डात अब्बा तोलार होते.
हळदीचा सौदा तेव्हा रुमालाखाली व्हायचा.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात,
वर पांढरं फडकं, आत बोटांची बोली,
आणि चेहऱ्यांवर कुणाच्याच काही नाही.
घरात आम्ही दखनी बोलायचो, पण हे त्यांनी मराठीतच सांगितलं:
"दस्तगीर, बोटानं दिल्याला दर
तोंडानं माघारी घेता येत न्हाई."

मी पुढं वरच्या सभागृहात प्रतिवेदक झालो.
तिथं सगळं तोंडानंच चालायचं
आणि माघारी घ्यायची सोय होती.

दहा मिनिटांची पाळी. मधल्या टेबलाशी वाकून बसायचं,
मान वर करायची नाही, आवाजावरून माणूस ओळखायचा:
'ळ' गिळला की खानदेश, वाक्य ओढलं की कोल्हापूर.
छापील क्रम समोर असायचाच.
तारांकित प्रश्न सत्तेचाळीस, होणार चार,
बाकीच्यांची उत्तरं पटलावर.
मग कागदपत्रं, मग लक्षवेधी,
मंत्री खालच्या सभागृहात अडकलेले, म्हणून लक्षवेधी राखून,
मग औचित्याचा मुद्दा,
ज्यात औचित्य सोडून सगळं.
"बसून घ्या," सभापती म्हणायचे. "आपण बसून घ्या."
एका बुधवारी मी मोजलं, एकाच पाळीत एकतीस वेळा.

चाळीस माणसं एकदम ओरडायची
आणि माझ्याजवळ एकच शब्द:
कंस, अडथळा, कंस पुरा.

दहा मिनिटं तहकूब झालं की
एकमेकांचा बाप काढणारे दोघं
एकाच बशीतली भजी खायचे.
घंटा वाजली की पुन्हा आपापल्या बाकांवर.
"ते शब्द कामकाजातून काढून टाकावेत."
मी तिथं तीन फुल्या मारायचो.
फुल्यांखाली काय होतं ते बोटांना माहीत.

नागपूरचा डिसेंबर, रात्रीचे अकरा चाळीस.
सभागृहात तालिका सभापती धरून नऊ जण.
गणपूर्तीचं कुणी विचारलं नाही, विचारणारे जेवायला गेलेले.
विशेष उल्लेख बावीस राहिलेले.
"वेळेअभावी सर्व वाचल्याचे समजून पटलावर ठेवावेत."
शिक्षकांच्या मतदारसंघातल्या व्हनमाने बाई तेवढ्या उभ्या राहिल्या.
माईक बंद झाला होता. त्या बोलल्या.
जत तालुक्यातली एक वस्ती, शाळेत पोरं कानडी,
मास्तर एकटा, त्याला कानडी येत नाही,
तो फळ्यावर झाड काढतो, पोरं त्याचं नाव सांगतात,
तो वहीत लिहून घेतो.
"अध्यक्ष महाराज," दमल्यामुळं त्या चुकून म्हणाल्या,
"तिथं कोण कुणाला शिकवतंय, एवढंच शासनानं सांगावं."
समोर शासनाच्या बाकावर एक पाण्याचा ग्लास होता.

ध्वनिफितीत ते आलं नाही.
छापील प्रतीत 'सभागृहाच्या पटलावर ठेवला' एवढंच आलं.
पाळी माझी होती, हात थांबला नव्हता.
वही मी जमा करायला हवी होती.

आता शंभर फुटी रस्त्याला राहतो. गुडघे वाजतात.
सकाळी यार्डात चक्कर मारतो, सौदे बघायला म्हणून.
रुमाल गेले. दर पाटीवर लाल आकड्यांत पळतो,
हळदीची धूळ मात्र तीच, शिंक तीच,
हमाल ओळखीनं म्हणतात, "मुजावर, विधानभवन बरं हाय का?"

काल वही काढली.
लघुलिपी आपली आपल्यालाही म्हातारपणी परकी होते.
सगळं लागलं. एक रेघ लागेना:
पोरं तेवीस की तेहेतीस?
रेघ जरा जाड आहे, किंवा तेव्हा पेन गळत होतं.

बाईंना विचारावं, तर त्या गेल्या वर्षी वारल्या.
शोकप्रस्ताव झाला असेल. दोन मिनिटं स्तब्ध.
जतची एसटी पावणेसातला सुटते म्हणे.
वस्तीचं नाव माझ्याकडं नीट आहे,
ते त्यांनी दोनदा सांगितलं होतं.