भावफलक

माझं काम आकडे बदलायचं.
एस्किशेहिरच्या ट्राम-रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला चिकटून
तीन हात रुंद आमचं चलन बदलून देणारं दुकान.
समोर काच, काचेखाली नोटांची गड्डी सरकेल एवढी फट,
बाहेर लाल आकड्यांचा फलक.
मालक फोनवर आकडा सांगतो, मी बटण दाबते.
एरवी दिवसातून दोनदा.
त्या हिवाळ्यात चहा गार व्हायच्या आत चारदा.

दर गुरुवारी सित्की बे यायचे,
रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले.
टोपी काढून विचारायचे, "युरो काय म्हणतोय?"
आजारी मेहुण्याची चौकशी करावी तसं.
मी आकडा सांगायचे.
ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने लिहून घ्यायचे
आणि काहीच न बदलता निघून जायचे.

कधीतरी मीच विचारलं, तेव्हा कळलं:
जर्मनीतल्या कुठल्याशा गावात, एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे
एक इंजिन आहे. वीतभर लांब, काळं, लाल चाकांचं.
तरुणपणी ज्याला हिरवा कंदील दाखवला, त्याच जातीचं.
किंमत सहाशे चाळीस.
तीन वर्षांत त्याने एक सेंट वाढवला नव्हता.
"भला माणूस," सित्की बे म्हणाले.
"किंमत जागची हलली नाही हो. घसरलो ते आपण."

डबे होते घरी, अकरा.
लिरा मान वर करून चालायचा
तेव्हाचे, एकेक करून मागवलेले.
फडताळावरच्या रुळावर इंजिनाविना उभे.
नात विचारायची, ही गाडी सुटणार कधी?
सिग्नल मिळाला की, ते सांगायचे.

पेन्शनीतून हजार बाजूला पडेपर्यंत
इंजिन दीड हजाराने पुढे गेलेलं असायचं.
जन्मभर गाड्यांची वाट पाहिलेला माणूस,
पण जवळ जावं तसतशी लांब सरकणारी गाडी
त्यांच्या वेळापत्रकात कधी नव्हती.

मग डिसेंबरातला तो सोमवार.
रांग चष्मेवाल्याच्या दारापुढे गेलेली,
कुणी बांगड्या मोडून आलेलं, कुणी लेकाच्या फीचे पैसे घेऊन.
आज नाही तर कधीच नाही, असं प्रत्येकाच्या तोंडावर.
सित्की बे रांगेत होते. गुरुवार नसताना.
टोपी काढली नाही. पिशवी फटीतून सरकवली.
"सहाशे चाळीस. आणि टपालाचे तीस."
मी मोजून दिले,
तोवरच्या सगळ्यात महाग भावाने,
जो माझ्याच बोटाने लावला होता.

रात्रीतून युरो कोसळला.
सकाळी मी आकडे खाली उतरवत होते, आणखी खाली,
आणि ते रस्त्यापलीकडे उभे.
एक दिवस, फक्त एक दिवस थांबले असते तर
इंजिन येऊन वर बारावा डबा, नातीला बूटसुद्धा.
मला काउंटरखाली शिरावंसं वाटलं.
त्यांनी फलकाकडे बघून टोपी उचलली,
न थांबता गेलेल्या एक्स्प्रेसला
लहान स्टेशनावरचा माणूस उचलतो तशी,
आणि बाजाराच्या दिशेने चालू लागले.

फेब्रुवारीत खोकं घेऊन आले.
कस्टमवाल्यांनी उघडून पट्टी वाकडी चिकटवलेली.
तिथे किती मोजले ते मी विचारलं नाही;
खोक्यावर पेन्सिलीचा आकडा होता, खोडलेला.
त्यांनी रुळाचा तुकडा फटीतून आत सारला,
निम्मा त्यांच्याकडे, निम्मा माझ्याकडे,
आणि इंजिन बोटाने हळूहळू ढकललं.
धुराडं काचेला जेमतेम चुकवून
ते माझ्या बाजूला येऊन थांबलं.
थंड होतं. तेलाचा वास येत होता.

फोन वाजत होता. मालकाचा. नवा आकडा.
मी उचलला नाही.
मिनिटभर बाहेर जुनाच भाव लाल जळत राहिला.
तेवढ्यात कुणी आलं असतं तर मालकाचं नुकसान होतं.

कुणी आलं नाही.