लाल वही

दुपारी बाराला विक्री सुरू झाली
आणि बारा वाजून चार सेकंदांनी संपली.
खेळायची ती नवी यंत्रं, तीनशेच होती.
उदगीरला मन्मथच्या फोनवर
चाक फिरतच होतं अजून.
"मावशी, मी तर साडेअकरापासून बसलोय की!"
त्याला कसं सांगू,
ती रांग मीच लिहिली होती.

रात्री नोंदी उघडल्या.
एकाच पत्त्यावरून अकराशे जण आलेले,
एकालाही बोटं नव्हती.
सकाळी तीच यंत्रं दुसरीकडं, दुप्पट भावानं.

आमच्या गल्लीत रॉकेलच्या दुकानापुढं
रात्रीच रांग लागायची,
दगडांची.
आईचा दगड म्हणजे फुटक्या पाट्याचा तुकडा,
हळद न सुटलेला.
पहाटे कुणीतरी तो पायानं मागं सारायचं.
दगड ओरडत नाही.
दादाराव एकटाच वीस दगड मांडायचा,
आणि दुपारी कोपऱ्यावर बाटलीनं विकायचा.

एकदा बिडवेअप्पांनी शटर वर केलं,
रांगेकडं बघितलंच नाही.
"दगडं उचला आधी.
आठ ते नऊमधी जो येईल
तो एकाच टायमाला आला.
कार्ड दाखवा, घराला एक चिठ्ठी."

साखरेचा डबा. चिठ्ठी काढायला
शाळेला निघालेली कुणाचीही पोरगी.
त्या दिवशी मी.
आईची चिठ्ठी बोटांनी ओळखू बघत होते,
सगळ्या घड्या सारख्याच.
तिचं नाव निघालं नाही.
अप्पांनी लाल वहीत लिहून घेतलं:
राहिलेले.
पुढच्या गाडीला आधी यांच्यातनंच.
आई रिकामा डबा घेऊन घरी आली,
पण भांडली नाही कुणाशी.

दादारावनं पुढच्या महिन्यात
मेलेल्या सासूचं कार्ड आणलं, ते सोडा.
युक्त्या निघणारच.

साहेब म्हणाले, तासभर थांबवलं
तर गिऱ्हाईक चिडेल.
म्हटलं, चिडू दे.
सगळ्यांना सारखंच चिडू दे.

रविवारी पुढची विक्री.
मन्मथला सांगितलंय, धावू नको,
जेवून घे, तासाभरात कधीही ये.
नवा तक्ता उघडलाय, त्याला नाव लागतं,
'लाल वही' दिलं.
शेजारचा तमिळ पोरगा विचारतो, म्हणजे काय?
गेल्या खेपेचे राहिलेले
नऊ हजार चारशे बारा.
त्यात मन्मथ कुठंतरी आहे.
शोधायला बोटं गेली,
मग मी खिडकी बंद केली.