शाईची बांगडी

डावा हात रिकामा ठेवलाय तीन वर्षं.
त्यात फिस्टुला आहे. कान लावला
तर आत पिठाची गिरणी चालते.
बांगडी नाही, बीपीचा पट्टा नाही,
उशाला घेऊन झोपायचं नाही.
सेलूच्या बाजारात बाया विचारतात,
कासारीण असून एक हात भुंडा कसा गं?
मी म्हणते, त्याच्यावर मशीनचा हक्क.

मंगळवारी परभणीला, चौथ्या नंबरच्या खुर्चीत,
वाकळे सिस्टरनी उजवा हात मागितला.
बारीक सुई, कातडीतल्या कातडीत.
ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा आला,
त्याभोवती त्यांनी बॉलपेननं गोल काढला.
खाजवू नका. साबण घासू नका. शुक्रवारी बघू.
मी म्हटलं, मला ना खोकला ना ताप.
म्हणून तर बघायचं, मावशी.
जागा असता तर त्यानंच दार वाजवलं असतं.

मग वही ओढून विचारलं,
घरात कुणाला टीबी होता?
नाही, म्हटलं मी. लगेच.
सुट्टे नाहीत म्हणतो आपण, तसं.

तीन दिवस बांगड्या मनगटाशी
रुमालानं बांधून धंदा केला.
एका नवरीचा पंजा दाबून पाहिला,
हाडं मऊ, दोन-चार जाईल,
आणि मध्येच सासऱ्यांचा पंजा आठवला.
मागची खोली. मालाच्या पेट्यांचा आडोसा.
ताटली वेगळी, तांब्या वेगळा,
नाव मात्र दमा.
खिडकी बंद, कारण गारठा, कारण शेजारी.
मी एकोणीस वर्षांची,
दुधात भाकरी कुस्करून मीच भरवायची.
ते खोकले की
पेट्यांतल्या बांगड्या किणकिणायच्या.

शुक्रवारी सिस्टरनी गोलावरून बोट फिरवलं,
पारदर्शक पट्टी ठेवली.
माप घेणारं बोट कासारणीला कळतं;
त्याला काही लागत नव्हतं.
शून्य, त्यांनी लिहिलं.
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
किडनी गेलेल्यांची कातडी कधी कधी
बोलतच नाही, आत असला तरी.
हिच्या भरवशावर तुमच्या भावाची किडनी
नाही बसवता येत.
नंतरच्या गोळ्या अंगातला पहारा उठवतात,
आणि झोपलेला कुणी असेल तर नेमका तेव्हा उठतो.

बोलतच नाही.
मला वाटलं, ही कातडी आमच्याच घरची.

रक्त संभाजीनगरला जायचं होतं.
नळी भरेपर्यंत मी छताकडे बघत होते,
मग म्हटलं, सिस्टर, वहीतलं ते नाही खोडा.
सासरे होते. नऊ महिने.
आम्ही दमा म्हणायचो.
त्यांनी खोडलं नाही, पुढे बारीक अक्षरात लिहिलं
आणि विचारलं,
त्या खोलीत आणखी कोण झोपायचं?

दहा दिवसांनी रिपोर्ट आला: आहे.
छातीचा फोटो स्वच्छ.
आजार नाही, कुणाला लागायचा नाही,
नुसता आहे, पेटीच्या तळाशी
न विकलेला जोड असावा तसा.
गोळ्या मशीनवरून उतरल्यावर घ्यायच्या,
आधी घेतल्या तर मशीनच धुऊन नेतं.

मानवत रोडला गाडी उगाच थांबली
तेव्हा जिंतूरला कुंदाला फोन लावला.
माझी नणंद. तेव्हा सात वर्षांची होती.
वैनी, अण्णांना तर दमा होता ना?
गाडी हलेपर्यंत मी काही बोलले नाही.
मग सगळं सांगितलं, तूही तपासून घे म्हटलं.
तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.
मी खायचे गं त्यांच्या ताटलीतलं,
ती म्हणाली, कुणी बघत नसलं की.

ताटलीतून नाही लागत, कुंदे.
ती खिडकी होती ना,
ती आपण उघडायला पाहिजे होती.