उणे ऐंशीच्या फ्रीजची किल्ली

ही घे, सुवर्णा.
छोटी किल्ली उणे ऐंशीच्या फ्रीजची.
मोठी कशाची ते मलाही आठवत नाही,
पण टाकू नकोस.

फ्रीज दुपारी तीनला कण्हतो,
एप्रिलात अडीचलाच.
घाबरू नको, मागच्या जाळीवरची धूळ झाड.
यंत्रमागांचा कापूस आहे तो, खिडकी लावली तरी येतो.
माझ्या प्रबंधातसुद्धा शिरला होता,
काचपट्टीवर एक तंतू,
दोन महिने मी त्याला
काहीतरी नवं समजत होते.

यकृत ताजं हवं.
विजापूर वेशीत महिबूब कुरेशींचं दुकान, पहाटे साडेपाच.
आधी त्यांचे वडील बसायचे.
म्हणायचे, "बाई, रोज कलेजी नेता,
घरात कुनाला रक्त कमी हाय का?"
मी म्हटलं, नाही हो, तिच्यातला श्वास मोजते.
त्यांनी सुरी पुसली.
"तो तर आत्ताच गेला."

गेलेला नसतो.
बर्फात नेलं तर चार तास असतो,
खलात अलगद घोटायचं, घाई केली तर फुटतं सगळं.
पुस्तकात लिहिलेलं असतं, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर,
आणि सेंट्रिफ्यूज ऐन वेगात असताना
आपल्याकडची वीज जायची.
सिद्राम म्हेत्रे मेणबत्ती धरून उभे,
मी डब्यातल्या वीजघरांवर बर्फ लोटत,
दोघंही काही बोलत नसू.

एकदा आईनं तेलुगूत विचारलं,
इतकी वर्षं तू नेमकं करतेस काय, एका वाक्यात सांग.
म्हटलं, गळती मोजते.
तिनं वर पत्र्याकडे पाहिलं.

पंपानं बाहेर टाकलेले प्रोटॉन
दारातून परत यावेत, चाक फिरवत, मजुरी चुकती करत.
काही येतात भिंतीतून झिरपून.
काही घडवत नाहीत. नुसती ऊब होते त्यांची.
आईच्या हजार बिड्यांत साठ-सत्तर छाट निघायच्या,
कारखाना त्यांचे पैसे देत नसे.
वळल्या तर त्याही होत्या,
त्याच बोटांनी.
(आईकडून आपल्यात काय येतं ते तू वर्गात शिकवशीलच,
मी त्यावर बोलत नाही.)

मला दिसलं ते इतकंच:
उन्हाळ्यात शेळी आपली गळती आवरते.

हैदराबादला सभेत एकानं विचारलं,
तुमच्या गावी खोलीचं तापमान काय असतं?
म्हटलं, बेचाळीस. सगळे हसले.
तापलेल्या खोलीनं गळती वाढली असती,
माझी तर कमी भरली होती,
हे उत्तर सुचलं परतीच्या गाडीत,
वाडी स्टेशन गेल्यावर.

मग अकरा वर्षं, दर मे आणि दर डिसेंबर,
एकाच कळपाची जनावरं, एकाच अंशावरचं पाणी.
मधल्या एका मे महिन्यात आई गेली.
त्या वर्षीचा रकाना कोरा आहे, भरू नकोस.
आकडा शेवटपर्यंत तोच राहिला,
तिसऱ्या दशांशात काय ती कुरबुर.
छोट्या नियतकालिकात आला लेख.
सात जणांनी दखल घेतली,
त्यात दोनदा मीच.

चौथ्या खणात एक डबी आहे, नाव पुसलेलं.
अक्षर माझं, पण वाचता येत नाही.
तीनदा टाकायला काढली आणि परत ठेवली.
आता तू ठरव.

ऐक, कण्हायला लागला.
जरा मागच्या बाजूला हात लाव.
आत उणे ऐंशी, आणि इथं बघ,
तव्यासारखं.

चल, चार दिवसांनी नळ आलाय,
आधी कॅन भरून घेऊ.