पान सदतीस

कुष्टाच्या सलूनात मान मागे टेकवली
की कुडण्याचा सगळा गाव आपण होऊन आत येतो.
कुणाची सून कुणाच्या स्कूटरवर दिसली,
कुणाचा दुबईचा व्हिसा अडकला,
पंचायतीच्या गटारात किती सिमेंट, किती मेव्हणा.
वस्तऱ्याला तो दर गिऱ्हाइकाला धार लावतो.
जिभेला लागत नाही.

आज गोकुळदास घाडी.
म्हणजे आजही.

अठरा वर्षं झाली त्या जत्रेला.
देवळासमोरच्या मांडवात नाटक, तिसरा अंक,
गोकुळदास सेनापती, पत्र्याचं चिलखत,
गोंदाने चिकटवलेल्या मिशीचं एक टोक सुटलेलं.
‘महाराज,’ म्हणाला
आणि थांबला.

थांबला म्हणजे किती?
कुष्टा म्हणतो, पाच मिनिटं.
मिगेल पोदेर त्या रात्री गावातच नव्हता,
तो सायकलवरून न उतरता सांगतो, दहा.
शाळेच्या बाई म्हणतात, माझा चहा निवला तेवढ्यात.
मी नंतर घरी मोजून पाहिलंय.
सात श्वास.
सातव्याला मागच्या बाकावरून शिट्टी आली.

पुढे त्याचं जे जे झालं
ते त्या शिट्टीच्या मागोमाग आलं, असं गावाचं गणित.
‘पिऊन आलेला मरे!’
(सोमवार होता, त्याचा उपास. शहाळं मीच फोडून दिलेलं.)
खाणी बंद पडल्या, साऱ्यांचेच ट्रक अंगणात गंजले,
पण त्याचा बँकेने नेला तेव्हा:
‘ज्याला दोन ओळी सांभाळता आल्या नाहीत...’
मुलीचं ठरलेलं मोडलं तेव्हा:
‘भर सभेत भूल पडते बापाला, घराण्यातच असेल.’
बायको आईच्या आजारपणाला कारवारला गेली,
महिनाभर राहिली, परत आली.
गावाच्या हिशेबात ती अजून आलेली नाही,
रोज सकाळी दारात रांगोळी घालते तरी.

आता माझं.
त्या रात्री विंगेत वही घेऊन मी उभा होतो.
शाणू च्यारी पडद्याची दोरी धरून जवळ सरकला
आणि बॅटरी खाली करून मी त्याला सांगत होतो
गोकुळदासबद्दलच.
खोटं असं काही नव्हे:
ट्रकसाठी सोनं गहाण टाकलंय म्हणतात, बायकोला न विचारता.
शाणू हसला. मीही.
मान वर केली तेव्हा
उजेडातून दोन डोळे माझ्याकडे लागलेले.
वही पस्तिसाव्या पानावर.
वाक्य सदतिसाव्या.

तीन शब्द द्यायचे होते फक्त:
अपराध माझा आहे.

तो कधी काही बोलला नाही.
एकदाच, तिठ्यावर शाळेची बालरथ थांबवून
(आता ती चालवतो, दुसऱ्याच्या पगारावर)
म्हणाला, ‘मास्तर, पानं चिकटली होती का हो तेव्हा?
हवा दमट होती.’
मी म्हटलं, हो. दमट होती.
त्याने मान हलवली, गिअर टाकला.
ही पानं चिकटल्याची गोष्ट
मी सलूनात आजवर ऐकलेली नाही.

कुष्टा आता गळ्यापाशी आलाय.
‘काय मास्तर, तुम्ही तर विंगेतच होता.
शुद्धीत होता का तो, खरं सांगा?’
तोंडभर फेस.
वस्तरा गळ्यावर असताना माणसाने बोलू नये,
हे कुणालाही पटेल.

मग तो फेस पुसतो. तुरटी फिरवतो.
टॉवेल झटकतो, पांढरे केस जमिनीवर पडतात,
आरशात आम्ही दोघे, आणि बाकावरचे तिघे
माझ्या तोंडाकडे बघत.
बाहेर बालरथचा हॉर्न वाजतो, दोनदा.
मी खिसे चाचपतो.
‘सुट्टे नाहीत रे,’ म्हणतो,
‘लिहून ठेव.’